घरटी एक पाकीट

रविवारी दुपारी दवाखान्यालाही डुलकी लागते. पुढचं दार बंद, दुधी काचेतून आलेलं ऊन बाकांवर पसरलेलं, भिंतीवरचा पंखा आपल्याच नादात मान फिरवतोय, आणि स्पिरिटचा वास तेवढा जागा. अशा वेळी तिथे कोणी मोठ्याने बोललं तर आपणच ओशाळतो. पण त्या रविवारी घरातली झाडून सगळी माणसं जिना उतरून खाली आली होती, आणि गंमत म्हणजे प्रत्येकजण पेशंटच्या बाकावर बसला होता. डॉक्टरांची खुर्ची आतल्या खोलीत रिकामीच. खुद्द डॉक्टरही बाहेर, वजनकाट्याशेजारी, हात मांडीवर ठेवून, नंबर लागायची वाट बघत असल्यासारखे बसले होते. शहात्तर वर्षांच्या माणसाला स्वतःच्या दवाखान्यात पहिल्यांदाच नंबर लावावा लागला होता म्हणा ना.

औषधाच्या खिडकीशी आत्याचं, म्हणजे डॉक्टरांच्या बहिणीचं, टेबल होतं. चाळीस वर्षं त्या टेबलावर आत्याशिवाय कोणी हात ठेवला नव्हता. आज तिथे कंपनीच्या मॅडम बसल्या होत्या. कंपनी म्हणजे ती, जिची सात शहरांत हॉस्पिटलं आहेत आणि आता जिला गल्लोगल्लीचे दवाखाने हवे आहेत. मॅडम वयाने लहान, बोलायला गोड आणि कामाला वाघ. सकाळी नऊपासून कपाटातून एकेक पाकीट काढून त्या आतले कागद तपासत होत्या. मोजणी जुळली की संध्याकाळी सह्या.

"झालं का हो?" थोरल्याने, म्हणजे डॉक्टरांच्या मुलाने, चौथ्यांदा विचारलं.

"होतंय," मॅडम म्हणाल्या.

हा सौदा थोरल्याने जमवला होता. हॉस्पिटलांना यंत्रं पुरवायचा त्याचा धंदा, त्यामुळे कोणाचा दवाखाना चालतो, कोणाचा बसतो हे त्याला बाहेरच्या पाटीवरूनच कळतं. आपल्या घराचं त्याला पाच वर्षांपूर्वीच कळलं होतं. विम्याचं कार्ड खिशात असलेला माणूस आपल्या दारावरून पुढे मोठ्या हॉस्पिटलात जातो, कारण कार्डाच्या यादीत आपलं नाव नाही. यादीत नाव हवं तर एवढ्या खाटा हव्यात, तेवढी यंत्रं हवीत. उरले कोण, तर ज्यांच्याकडे कार्ड नाही ते, आणि ज्यांचा डॉक्टरांवर जीव आहे ते. जीव असण्यावर दवाखाना चालत नाही, हे तो घरात इतक्यांदा बोलला होता की त्याची बायको ते वाक्य त्याच्या आधी पुरं करायची.

पण माणूस वाईट नव्हता हो. आज बाकावर बसल्या बसल्या त्याला आठवत होतं, की आतल्या तपासायच्या टेबलावर पालथं पडून आपण गणितं सोडवायचो, आणि पेशंट आला की वही उचलून खाली सरकायचो. टेबलाखालून पेशंटचे पाय दिसायचे. पायांवरून तो रोग ओळखायचा खेळ खेळायचा. एकही कधी बरोबर आला नाही. म्हणूनच तो डॉक्टर झाला नाही, असं तो सगळ्यांना हसत सांगे. खरं तर प्रवेशच मिळाला नव्हता.

"आत्याबाई," मॅडमनी एक कागद उजेडात धरला, "या आजी शेवटच्या कधी आल्या होत्या?"

आत्या बाकावर पेंगत होती. तिने डोळे किलकिले करून कागद पाहिला. "त्या वारल्या. सतरा वर्षं झाली."

"मग यांचा कागद इथे कसा?"

"अगं, इथेच असणार ना. नातीला तोच दमा आहे. भाऊ नात तपासायच्या आधी आजीचा कागद वाचतो."

मॅडमनी पाकीट पुन्हा उघडलं. मागच्या बाजूला चार कागद पालथे होते. तेही उलटून पाहिले. "हे आजोबा?"

"वारले."

"आणि हे?"

"तो तर आमच्या वडिलांच्या वेळीच गेला. विहीर खणताना. पण त्याला साखर होती बघ, आणि घरात कोणालाच माहीत नव्हतं."

आता ही पद्धत मोठ्या डॉक्टरांची, म्हणजे डॉक्टरांच्या वडिलांची. माणसाचं वेगळं पाकीट नाही, घरटी एक पाकीट. सून आली की तिचा कागद त्यात जातो. मूल झालं की त्याचा. माणूस गेला की त्याचा कागद पालथा करून मागे ठेवायचा, पण काढायचा नाही. कारण मेलेला माणूस घरातल्या जिवंतांबद्दल बरंच काही सांगत असतो, असं मोठे डॉक्टर म्हणत. डॉक्टरांनी ती पद्धत चालू ठेवली आणि धाकटीनेही, म्हणजे त्यांच्या डॉक्टर मुलीनेही. शेजारच्या दवाखान्यांत संगणक आले, तरी इथे पाकिटंच.

"सर," मॅडम थोरल्याकडे वळल्या, "तुम्ही बारा हजार पेशंट कळवले होते."

"बारा हजार एकशे चार. मोजलेत."

"कोणी?"

थोरल्याने आत्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच आत्याकडे पाहिलं.

"मी मोजलेत," आत्या ताठ बसत म्हणाली. "अकरा दुपारी बसून मोजलेत. एकही सोडला नाही. हा म्हणाला, आत्या, सगळे मोज. मी सगळे मोजले."

"अगं, पण मेलेले कशाला मोजायचे?"

"मग त्यांना काय वगळायचं?" आत्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

थोरल्याने कपाळावर हात मारून घेतला. त्याची बायको, घरात सगळे जिला वहिनी म्हणतात ती, पदर तोंडाला लावून हसली आणि नवऱ्याची नजर येताच तिला खोकला आला. मॅडम शांतपणे म्हणाल्या की अर्ध्याहून अधिक कागद पालथे आहेत, आपल्याला वरिष्ठांशी बोलावं लागेल. आणि फोन घेऊन त्या बाहेर पायरीवर गेल्या.

दुधी काचेपलीकडे त्यांची सावली येरझाऱ्या घालत राहिली. आत्या पुन्हा डोळे मिटून बसली, पण झोपली नव्हती. त्या अकरा दुपारींइतकं सुख तिला कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. एकेक कागद उचलायचा आणि तो माणूस समोर यायचा. गोळी गिळता येत नाही म्हणून पूड करून मागणारा शिंपी. दर वेळी सुईला घाबरून गाणं म्हणणारी मास्तरीण. जुळ्यांची आई, जिच्या एकाच मुलाला कायम ताप. सगळे खिडकीशी येऊन उभे राहायचे, बाटली पुढे करायचे, आणि ती एक, दोन, तीन करत त्यांना आत घ्यायची. त्यात कोण जिवंत आणि कोण नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आताही, काचेवरचं ऊन पिवळं होत चाललेलं असताना, तिला बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसं दिसत होती. धाकटी त्यांच्यातच कुठेतरी बसली होती, कोपऱ्यात, पाय जवळ घेऊन.

धाकटी एक्केचाळीस वर्षांची होती. तरी धाकटीच. पंधरा वर्षं ती बापाच्या शेजारच्या टेबलावर बसून पेशंट तपासत होती, आणि अजूनही निम्मे पेशंट तिच्याकडून चिठ्ठी घेऊन "डॉक्टरांना एकदा दाखवून येतो" म्हणत. घरात सगळ्यांना वाटत होतं, दवाखाना विकला जातोय म्हणून हिचं काळीज तुटतंय. महिनाभर ती गप्प होती ना. आत्याने तर तिला दोनदा जवळ घेऊन थोपटलंही होतं. धाकटीने थोपटून घेतलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

कारण वर तिच्या कपाटात, साड्यांखाली, एक पत्र होतं. दूरच्या शहरातल्या मेडिकल कॉलेजात शिकवायची जागा. दोन महिन्यांनी हजर व्हायचं. तिथे तिला कोणाची मुलगी म्हणून कोणी ओळखणार नव्हतं. सौदा झाला की बाबा निवृत्त, दवाखाना कंपनीचा, आणि ती मोकळी. रोज सकाळी दात घासताना ती दिवस मोजत होती. हे तिने फक्त वहिनीला सांगितलं होतं.

मॅडम आत आल्या. चेहऱ्यावर पुन्हा गोडवा होता. कंपनी अजूनही तयार आहे, त्या म्हणाल्या. थोरल्याने सुस्कारा सोडला.

"फक्त एक अट बदलेल. पेशंट इतके कमी असतील तर ते इथे कोणामुळे येतात, हे महत्त्वाचं. डॉक्टरशिवाय आम्हाला नुसती कपाटं मिळतात. तेव्हा घरातला एक डॉक्टर सात वर्षं इथे बसायला हवा. वेळा आमच्या, तपासण्या आमच्या लॅबमध्ये, एका पेशंटला आठ मिनिटं. आणि मधेच सोडलं तर पाच किलोमीटरच्या आत दुसरा दवाखाना काढायचा नाही."

"एवढंच ना?" थोरला म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "अहो, ती तर बसतेच आहे. सोडून कुठे जातेय. उलट हिला तर बरंच झालं. काय गं?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती मनात हिशेब करत होती. सात वर्षं. सात वर्षांनी ती अठ्ठेचाळीस.

"काय गं, बोल ना. मॅडम खोळंबल्यात."

"अहो, तिला विचारा तरी," वहिनी म्हणाली.

"विचारतोय की."

"विचारत नाही आहात. सांगताय." वहिनीचा आवाज चढला नव्हता, पण लग्नानंतरच्या बावीस वर्षांत चारचौघांत ती नवऱ्याच्या विरुद्ध पहिल्यांदाच बोलत होती. या सौद्यासाठी घरात सगळ्यांत जास्त घाई तिलाच होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या मजल्याची डागडुजी, मुलाचं शिक्षण, सगळं त्यावर अडलं होतं. "वन्सं, सांगून टाका. आता नाही तर कधीच नाही."

"काय सांगायचंय?" आत्याने विचारलं.

धाकटीने सांगितलं. बाकाकडे बघत, एका दमात. पत्र, गाव, तारीख. शेवटी म्हणाली, "मला इथे बसायचं नाहीये. पहिल्यापासूनच नव्हतं बसायचं. दवाखाना विकला जातोय म्हणून मी गप्प नव्हते. मी खूश होते."

पंख्याने एक फेरी पूर्ण केली. थोरला म्हणाला, "आणि हे आत्ता?" मग म्हणाला, "हिला सामील आहेस तू," ते बायकोला. मग म्हणाला, "माझी अक्कलच गहाण पडली होती." आत्या रडायला लागली. तिला वाईट कशाचं वाटलं तर आपण दोनदा थोपटलं याचं.

डॉक्टर उठले. उठताना वजनकाट्याला धरून उठले.

"तुम्ही घरातला डॉक्टर म्हणालात," ते मॅडमना म्हणाले. "मीही घरातलाच आहे. मी बसतो सात वर्षं."

"बाबा, काहीतरीच काय," धाकटी म्हणाली.

"आठ मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली. मी पेशंट दारातून आत येतो तेवढ्यात निम्मं काम करतो."

मॅडम थोडा विचार करून म्हणाल्या की चालू शकेल. सत्तरीपुढच्या डॉक्टरांसाठी फाइलला एक दाखला लागतो, प्रकृती ठणठणीत असल्याचा. कोणत्याही डॉक्टरच्या सहीचा चालतो. पुढे काही निघालं तर जबाबदारी सही करणाऱ्याची.

"मग डॉक्टर समोरच आहे," डॉक्टर म्हणाले. "चल गं."

आतल्या खोलीत ऊन नव्हतं. एकच उंच खिडकी, तिच्यातून दिसणारा आभाळाचा चौकोनी तुकडा, आणि तपासायचं टेबल. डॉक्टरांनी शर्टाची बटणं काढली आणि टेबलावर बसले. पंधरा वर्षांत तिने त्यांना कधी तपासलं नव्हतं. सर्दी झाली तरी ते स्वतःच गोळी घेत, ताप आला तरी स्वतःच नाडी बघत.

"कर सुरू. आठ मिनिटं आहेत."

तिने रक्तदाब पाहिला. बरा होता. मग ती मागे गेली आणि स्टेथोस्कोप पाठीला लावला. "श्वास घ्या." हे शब्द तिने हजारो माणसांना सांगितले होते. बापाला पहिल्यांदाच सांगत होती. वर स्वच्छ होतं. मध्ये स्वच्छ. अगदी तळाशी, दोन्ही बाजूंनी, बारीक चरचर ऐकू आली. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग ती खाली वाकली, पायमोजा उतरवला, घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि सोडला. खड्डा तसाच राहिला.

"रात्री किती उशा घेता?"

"तीन."

"कधीपासून?"

"खुळ्यासारखे प्रश्न विचारू नकोस. तुला कळलंय काय आहे ते." ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "हृदय थकलंय. दीड वर्ष झालं. गोळ्या घेतोय, औषधवाल्यांनी नमुन्याला दिलेल्या."

"आणि कोणाला सांगितलं नाहीत."

"तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस का?"

"मी जाणार आहे हे तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"तुझ्या नावाचं पत्र खाली दवाखान्याच्याच पेटीत येतं, बाई. पाठवणाऱ्याचा पत्ता वाचता येतो मला." ते हसले. "उघडलं नाही हो. पण महिनाभर तू पेशंटशी इतकी गोड बोलायला लागलीस, की म्हटलं, ही चालली."

ती टेबलाला टेकून उभी राहिली. सौदा का मान्य केलात, हे विचारायची गरज उरली नव्हती. वडिलांच्या हातचा दवाखाना त्यांनी तिच्यासाठी काढला होता विकायला, आणि आता स्वतःलाही.

"घे, लिही. प्रकृती ठणठणीत. मी सांगतो, तू लिही. सात वर्षं काही कोणी मोजत बसत नाही. दोन-तीन वर्षं मी काढीन, तोवर तू तिकडे रुळशील."

कागद समोर होता. पेन खिशात होतं. एक ओळ लिहायची होती, आणि ती लिहावी असं तिला मनापासून वाटलं. अगदी खरं सांगायचं तर तिने पेन काढलंही. मग तिला तो तळाशी ऐकलेला आवाज पुन्हा ऐकू आला, आणि तिने स्टेथोस्कोप परत त्यांच्या छातीला लावला, काही ऐकायचं नव्हतं तरी. आणि तसाच लावून ठेवून ती रडली. कानांत बापाचं थकलेलं काळीज, त्यामुळे स्वतःचं रडणं तिला ऐकू येत नव्हतं. डॉक्टर हलले नाहीत. पेशंटने हलायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

बऱ्याच वेळाने तिने लिहिलं. काम करता येणार नाही, पूर्ण विश्रांती हवी. खाली सही केली.

"मी थांबते," ती म्हणाली. "मी बसते सात वर्षं. तुम्हाला असं टाकून कुठे जाऊ?"

डॉक्टर शर्टाची बटणं लावत राहिले. सावकाश, खालून वर.

ते बाहेर आले तेव्हा काचेवरचं ऊन गेलं होतं आणि वहिनीने दिवा लावला होता. धाकटीने कागद थोरल्याच्या हातात दिला. त्याने वाचला, मॅडमकडे द्यायला हात पुढे केला, आणि थांबून पुन्हा वाचला.

"हे खरंय?"

धाकटीने मान डोलावली.

थोरल्याने कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. "मॅडम, तुम्हाला उगीच त्रास झाला. सौदा गेला खड्ड्यात." आवाज नीट काढायचा त्याने फार प्रयत्न केला. वहिनी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"तसं नको, दादा," धाकटी म्हणाली. "मी बसते म्हटलं ना. आण, मी सही करते."

"तुला कोणी विचारलं?" डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर औषधाच्या खिडकीला टेकून उभे होते आणि धाकटीकडे नव्हे, कंपनीच्या मॅडमकडे बघून बोलत होते.

"दवाखाना माझ्या नावावर आहे. कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, ते मी ठरवतो. या डॉक्टरांना मी आजपासून कमी केलंय. तेव्हा यांची सही तुमच्या उपयोगाची नाही."

"बाबा, हा काय पोरखेळ."

"पोरखेळ नाही. लेखी देतो हवं तर."

"महिन्याची नोटीस द्यावी लागते, भाऊ," आत्या डोळे पुसत म्हणाली. चाळीस वर्षं दवाखान्याची कागदपत्रं तिनेच सांभाळली होती.

"दोन महिन्यांची देतो. तिकडे हजर व्हायच्या दिवसापर्यंत."

"आणि तुमचं औषधपाणी कोण बघणार?" धाकटीचा आवाज चिरकला. "तुम्हाला रोज कोणीतरी तपासायला हवं."

"बघेन दुसरा डॉक्टर. गावात पुष्कळ आहेत. थोरला गाडीत घालून नेईल."

"नेईन," थोरला लगेच म्हणाला.

"निदान कारण तरी सांगा," धाकटी म्हणाली. "पंधरा वर्षं काम केलंय मी इथे. काय चुकलं माझं?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"आज पेशंट तपासताना तुम्ही रडलात," ते म्हणाले. "आता तुम्हाला मी हा पेशंट देऊ शकत नाही. जा."